पिवळ्या कुर्त्यावरचा डाग

कपाटातला पिवळा कुर्ता हाती आला, की सिलतरा औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावरचं ते गॅरेज आठवतं. बाबांच्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपचं नाक खाली बसलं होतं. मिस्त्रीनं पुढची उंची ठरवणारे खालचे दोन्ही बोल्ट आवळून ते उचललं, जॅक काढला आणि लगेच टेपनं उंची मोजली. “दोनों तरफ बराबर!” मी म्हटलं, “भैया, पहले थोडा चलाओ. गाडी बैठेगी, फिर नापो.” तो हसला. “दीदी, आप कुर्सी पे बैठो.” बाबाही कुजबुजले, “काहून वाद घालून राहिली?” मी चावी घेतली, कारखान्यांच्या काळ्या धुळीतून जीप फिरवून आणली आणि स्वतः टेप धरला. डावी बाजू दोन बोटं खाली होती. मिस्त्री पाना शोधू लागला, पण पाना माझ्या हातात होता. जॅक लावून मी नव्याकोऱ्या कुर्त्यासकट खाली शिरले, बोल्ट आवळला, पुन्हा चक्कर मारली, पुन्हा मोजलं. आता बरोबर. ग्रीसचा डाग काही गेला नाही, मी घालवलाही नाही. आजही गॅरेजात जाताना हाच कुर्ता घालते, आणि कुणी खुर्ची पुढे केलीच, तर तिच्यावर पर्स ठेवते.