पंपाशेजारचं शक्तिवर्धक अळू

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवावा? शिकलेल्या माणसावर, की माझ्यासारख्या चौथी पास, पण हाती लागेल ते वाचून काढणाऱ्या दुकानदारावर? उत्तराची घाई नको. आधी चहा घ्या, माझी फजिती ऐका.

लालबागला माझं मसाल्याचं दुकान. संयुक्त महाराष्ट्राचे ते धामधुमीचे दिवस. शेजारी पेट्रोलपंप, आणि मधल्या पट्टीत गटाराकाठी माझं अळू. काय त्याची पानं! सुपाएवढी!

एकदा मोर्च्यापायी रस्ता बंद झाला नि बस दुकानासमोर अडकली. बसचा ड्रायव्हर आबा, अस्सल मालवणी, चहाला आत आला. अळूकडे बघून म्हणाला, "शेटानू, ह्यां अळू खाव नकात हां! पेट्रोलात शिसां असता. ता धुरावांगडा पानार बसता, मातयेत मुरता."

झालं! वैद्यकाच्या चार पोथ्या मी वाचलेल्या. नागभस्म म्हणजे शिशाचंच ना? वैद्य ते गुंजभर देतो, मिशीला पीळ देत. आणि इथं झाड स्वतःच तयार करतंय, फुकटात! बिचाऱ्या आबाला भस्मातलं काय कळणार?

त्याच दिवशी घरात हुकूम सोडला, "रोज अळूचं फदफदं!"

आणि त्या रविवारी माटुंग्याची मंडळी आमच्या सुधाला बघायला आली. मुंबईचा निकाल लागेल तेव्हा लागो, माझ्या पोरीचं आज ठरायला हवं होतं! आधीची स्थळं माझ्याच तोंडाळपणानं फिसकटलेली. मुलगा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा. बायकोनं मला बजावलं होतं, "तुम्ही फक्त हसायचं."

सुधानं अळूवड्या आणल्या. मुलाचे वडील एकेक वडी अशी उडवायला लागले, की मला राहवेना.

"वा! अळू कुठलं म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"घरचं! पंपाशेजारचं. दिवसभर लॉऱ्यांचा धूर पिऊन वाढलंय. पानापानात शिसं आहे, शिसं!"

मुलाचा घास तोंडातच थांबला. "शिसं?"

"खा हो, खा! अंगात ताकद येईल."

"अहो, विष आहे ते! रस्त्याकडेची झाडं ते अंगात साठवतात. पानं कितीही धुवा, सगळं जात नाही!"

वडिलांनी हातातली वडी ताटलीत अशी ठेवली, जणू विंचूच. मुलाच्या आई पदर खोचून उठल्या. "चला हो! सोयरीक राहू दे, आधी डॉक्टर गाठू."

बायकोची नजर तर विचारूच नका.

तेवढ्यात सुधा म्हणाली, "बसा ना मावशी. ही पानं वसईच्या भाजीवालीकडची आहेत. बाबांच्या अळूला धुराचा वास मारतो. पाहुण्यांना कसं द्यायचं ते?"

मुलगा खो खो हसला. "आई, बस गं. घरात कुणाचं ऐकायचं ते मला कळलं. मला मुलगी पसंत आहे."

वडिलांनी ती वडी पुन्हा उचलली!

मला जरा धीर आला. बायकोला हळूच विचारलं, "मग माझं अळू जात होतं कुठं?"

"कुठं म्हणजे? रोज तुमच्याच ताटात! एवढं ताकदीचं, आम्ही बायकांनी कशाला खावं?"

आता हा किस्सा तुम्ही चाळभर कराल, मला ठाऊक आहे. करा खुशाल. फक्त हिशेब चोख ठेवा हं. अक्कल सुधाच्या नावावर मांडा, शहाणपणाचा सल्ला आबाच्या, आणि फदफदं मात्र सगळंच्या सगळं माझ्या खाती!