बायपासचा तुकडा

देवळाली प्रवऱ्यात आमच्या समोर राहणारे हे गृहस्थ ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतात. दोन वाक्यं बोलली की चष्मा पुसतात, आणि पत्ता विचारला तर गावाआधी तिथलं चहाचं हॉटेल सांगतात.

त्यांना नाद एकच. इंटरनेटवर एक नकाशा आहे. ज्या महामार्गावरून आपण गेलो तो त्यावर नोंदवला की करड्याचा लाल होतो. रविवारी बायकोला गाडीत बसवून ते निघायचे आणि सोमवारी मला फोन दाखवायचे. मला तो पोरखेळच वाटायचा.

नियम मात्र त्यांचा स्वतःचा होता. "एकट्यानं गेलेला रस्ता धरायचा न्हाई, सर. दोघं असलो तरच लाल." मालासाठी ते एकटे सोलापूरला कितीदा गेले, पण वहिनी सोबत जाईपर्यंत तो रस्ता करडाच राहिला.

श्रावणात पुण्याच्या दवाखान्यात वहिनी वारल्या. दहावा झाल्यावर मी भेटायला गेलो, तर त्यांनी फोनच पुढे केला. पुण्यापासून घरापर्यंत सगळा रस्ता लाल होता. नगरजवळ तेवढा एक तुकडा करडा.

"ह्यो बायपास नवा हाय. आमी दोघं कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी ॲम्ब्युलन्स त्याच्यावरनंच आली." या खेपेला त्यांनी चष्मा पुसला नाही. "धरायचा का, सर?"

त्यांनी बोट फोनच्या काचेजवळ नेलं आणि तसंच मागं घेतलं.

"हुती तर माझ्या शेजारीच," ते म्हणाले.