अकोल्याहून आलेला आवाज

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. नर्स आहे मी. वॉर्डात नवी मुलगी आली की जुन्या बायका तिला कोपऱ्यातल्या खाटेच्या गोष्टी सांगून घाबरवतात... त्यांना दटावणारी मीच. तरी हे लिहितेय, कारण दवाखान्यात मला बजावलंय की कुठे बोलू नका. मग तर बोलणारच.

मी मूळची हिवरखेडची. अमरावतीत एका खाजगी दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागात आहे. आम्हाला रजिस्ट्रेशन टिकवायला अधूनमधून ट्रेनिंग करावं लागतं. बऱ्याच जणी सही करतात, चहा पितात, परत येतात. अकोल्याला जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा याचं ट्रेनिंग होतं. ड्युटी म्हणून पाठवा म्हटलं, तर मेट्रन म्हणाल्या, इतकी बाळंतपणं केली, आता काय शिकता? राग आला. स्वतःची रजा टाकली आणि सकाळची गाडी धरली.

शिकवायला शेख सिस्टर होत्या. खणखणीत आवाज, बोलणं अस्सल वऱ्हाडी. सरावाच्या बाहुलीच्या तोंडावर मास्क धरून त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबायचा, छाती वर आली पाहिजे. माझ्या बाहुलीची येईचना. संध्याकाळपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

पुढे काही आठवड्यांनी, भर दुपारी, नांदगाव पेठेकडची एक बाई आली. घरची फुलशेती, पहिलं बाळंतपण. बाळ झालं आणि तिला रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टर तिच्याकडे गुंतले. बाळ माझ्या हातात... निळं, गप्प. पुसलं, पाठ चोळली. काही नाही. मास्क लावला, फुगा दाबला. छाती हलेना. पुन्हा दाबला. हलेना.

तेवढ्यात मागून आवाज आला — "सुनंदा, पोरीची मान लय मागं गेली. सरळ कर."

शेख सिस्टरचा आवाज. मी मान सरळ केली, मास्क पुन्हा बसवला, फुगा दाबला... छाती वर आली. थोड्या वेळाने ते बाळ असं रडलं की डॉक्टरांनीही वळून पाहिलं. आईचा रक्तस्रावही आटोक्यात आला.

मला वाटलं, ताणामुळे शिकवलेलं आठवलं असेल. पण आमच्या कमलमावशी, आयाबाई, दाराकडे बघत होत्या. म्हणाल्या, "कोण बोललं वं, सिस्टर? इथं तं कोणीच नाही."

आणि दुसरी गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली. आवाज 'पोरीची मान' म्हणाला होता, आणि मुलगा की मुलगी, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. मुलगी होती.

ड्युटी संपल्यावर शेख सिस्टरना फोन लावला. मी काही सांगायच्या आत त्यांनीच विचारलं, "सुनंदा, तू बरी आहेस ना?" दुपारी त्या अकोल्यात वर्ग घेत होत्या. शिकवता शिकवता मध्येच त्यांच्या तोंडून माझं नाव निघालं, आणि पोरीची मान सरळ कर असं. वर्गातल्या मुली हसल्या, कारण समोर नुसती बाहुली. "काहून बोलली मी असं, मले नाही माहीत," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक वाटला.

कमलमावशींकडून गोष्ट पसरली आणि बाळाची आजी ओटी घेऊन आली. म्हणे, सिस्टरच्या अंगात देवी आली होती. ओटी मी घेतली, पण तिला स्पष्ट सांगितलं, फुगा मी दाबला, आणि तो दाबायला मला अकोल्यात एका बाईने शिकवलंय. मेट्रनना वेगळीच काळजी, दवाखान्याचं नाव भुताटकीशी जोडलं जाईल.

तो आवाज तिथून इथे कसा आला, मला माहीत नाही. शेख सिस्टरनाही नाही. कोणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, मी वाचीन. पण शिकले नसते, तर नुसत्या आवाजाने काय केलं असतं? मान सरळ कर म्हणजे किती, हे हातालाच माहीत असावं लागतं.

अकोल्याला पुन्हा ट्रेनिंग आहे. या वेळी रजा टाकणार नाही. ड्युटी म्हणून पाठवा, आणि विभागातल्या सगळ्यांना आळीपाळीने पाठवा, असं मेट्रनना तोंडावर सांगून आलेय. त्या अजून हो म्हणाल्या नाहीत. मीही उद्या पुन्हा त्यांच्याकडे विचारायला जाणार आहे.