दिवाणजी आबांचा बंद पडणारा मेल

जळगावच्या मे महिन्यापेक्षा जास्त तापणारी एकच गोष्ट मी आजवर पाहिली आहे, ती म्हणजे आमच्या डाळ मिलचे दिवाणजी. 'आमची' मिल म्हणजे माझे वडील जिथे तुरीची पोती उचलायचे ती. मिल मालकाची असली तरी तिथला राग सगळा एकट्या दिवाणजींचा होता. दुसरं कुणी रागावलं तर त्यांना ते आपल्या कामात ढवळाढवळ केल्यासारखं वाटायचं. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांचं गाव आमच्यासारखंच साक्रीकडचं, म्हणून वडिलांना त्यांनी मिलमध्ये लावून घेतलं होतं. त्यामुळे आमच्या घरी आबांबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही असा नियम आहे. तो नियम मी आज मोडते आहे. मला नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही, पण राग सोडून आबांबद्दल लिहायचं तर माझ्याजवळ फार थोडं उरेल.

ऑफिस म्हणजे मिलच्या कोपऱ्यातली एक काचेची खोली. बाहेर डाळीच्या टरफलांची धूळ दिवसभर उडत असायची आणि आत टेबलावर, फुलांच्या कापडाखाली, आबांचा कॉम्प्युटर असायचा. त्याच्यासमोर बसायच्या आधी आबा चपला काढायचे. कापडाची घडी घालायचे. मग मेलचा प्रोग्राम उघडायचे. फोनवर मेल पाहणाऱ्या माणसांना ते माणसात धरत नसत. "फोनवरचा मेल म्हणजे चालता चालता वाचलेलं पत्र," ते म्हणायचे, "बसून वाचावं, बसून लिहावं. एवढी घाई कसली आहे तुम्हाला?" स्वतः मेल लिहायचे तो 'स. न. वि. वि.' पासून सुरू व्हायचा आणि 'घरी सर्वांना नमस्कार' वर संपायचा. मध्ये तुरीचा भाव असायचा. मेल पाठवून झाला की लगेच समोरच्याला फोन. "मेल टाकलाय. उघडा. मी धरून आहे." आणि समोरचा माणूस इंदूरला असो की अकोल्याला, त्याने मेल पूर्ण वाचेपर्यंत आबा फोन कानाला लावून बसून राहायचे. एका व्यापाऱ्याने एकदा "गाडी चालवतोय, नंतर बघतो" म्हटलं. आबांनी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली.

आलेल्या प्रत्येक मेलला उत्तर गेलंच पाहिजे, हा त्यांचा दुसरा हट्ट. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. बँकेने कर्जाची जाहिरात पाठवली की आबा लिहायचे, 'आपण आठवण ठेवलीत, आभारी आहे. तूर्त कर्जाची गरज नाही. लागल्यास आपल्यालाच कळवीन.' चष्म्याच्या दुकानाने सवलत कळवली तर स्वतःचा नंबर कळवून, चष्मा नुकताच केल्याबद्दल ते दिलगिरी व्यक्त करायचे. हे मेल अर्थातच कुठे पोचत नसत. 'पोचला नाही' असा इंग्रजीतला उलट मेल यायचा. तो यंत्र पाठवतं हे मी त्यांना तीनदा समजावलं. त्यांना ते पटलं नाही. कुणीतरी एक माणूस मध्ये बसून आपली सगळी पत्रं अडवतो आहे, अशी त्यांची खात्री होती. शेवटी त्यालाही त्यांनी एक कडक पत्र लिहिलं. 'आपण कोण, आपला हुद्दा काय, आणि माझ्याशी आपलं वैर काय ते कळवावे.' तेही परत आलं. त्या दिवशी हमालांना दुपारचा चहा मिळाला नाही.

आता माझ्याबद्दल. दहावीनंतर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना मेलचा पत्ता मागितला, तेव्हा आमच्या घरात तसलं काही नव्हतं. वडिलांनी आबांना विचारलं आणि आबांनी मिलचा पत्ता दिला. त्या पत्त्यावर शिष्यवृत्ती आली, बारावीचं आलं, कॉलेजचं आलं. प्रत्येक वेळी आबा मला बोलावून घ्यायचे, समोर बसवायचे आणि माझं पत्र मलाच मोठ्याने वाचून दाखवायचे. पुढे माझ्याकडे फोन आला, माझा स्वतःचा मेल झाला, तरी एम. एस्सी.च्या अर्जावर मी मिलचाच पत्ता घातला. याचं कारण आज सांगायला लाज वाटते. आमच्या घरात फॉर्मवर एकदा लिहिलेलं कुणी बदलत नाही. बदललं की काहीतरी अडकतं, आणि अडकलेलं सोडवून द्यायला आमच्या ओळखीचं कुणी नाही. माझ्या वर्गातल्या दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती.

पुण्याच्या संस्थेच्या यादीत माझं नाव लागलं ते बुधवारी. मी वेबसाइटवर पाहिलं. संस्थेत फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, तुमच्या मेलवर लिंक गेली आहे, शुक्रवारी पाचच्या आत होकार द्या, नाहीतर जागा पुढच्या विद्यार्थ्याला जाईल. दुसऱ्या पत्त्यावर पाठवता येईल का, असं मी विचारलं. "पत्ता बदलायला कॉलेजचं पत्र लागतं. आठ दिवस जातात," त्या म्हणाल्या. मी धावत मिलमध्ये गेले, तर आबा कॉम्प्युटरसमोर हाताची घडी घालून बसले होते. मेलचा प्रोग्राम सोमवारपासून उघडत नव्हता.

म्हणजे उघडायचा. खिडकी यायची, मेल मोजायला लागायचा, मग पडदा दुधासारखा पांढरा व्हायचा आणि इंग्रजीत माफी मागून प्रोग्राम बंद व्हायचा. "माफी मागतो आणि तेच परत करतो," आबा म्हणाले, "याला लाज म्हणून नाही." दोन दिवसांत त्यांनी आपले उपाय करून झाले होते. कॉम्प्युटर शंभर वेळा बंद-चालू केला होता. मिलच्या फिटरने मोटारी साफ करायच्या कॉम्प्रेसरची हवा मारली होती, त्यात माउसचं चाक उडालं होतं. वेबसाइटवरून मेल उघडू म्हटलं तर पासवर्ड आबांना माहीत नव्हता. तो कॉम्प्युटर बसवणाऱ्या माणसाने घातला होता आणि तो माणूस सुरतेला निघून गेला होता. पासवर्ड बदलायचा तर त्याचा कोड ज्या फोन नंबरवर जायचा, तो नंबर कधीच बंद पडला होता. माझ्या पत्रापर्यंत जायला हा पांढरा होणारा प्रोग्राम सोडून दुसरी वाट नव्हती.

गुरुवार त्या सुरतेच्या माणसाचा पत्ता शोधण्यात गेला, तो सापडला नाही. शुक्रवारी सकाळी अकराला मी बसले. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. कॉम्प्युटरमधलं मला जे येतं ते फोनवर शोधून येतं. आधी व्हायरसवाला प्रोग्राम बंद केला, काही झालं नाही. दुरुस्तीचं बटण सापडलं, ते दोन तास चाललं आणि काही झालं नाही. मागे आबा उभे. "काय करते आहेस? हे का दाबलं? मला विचारून दाब!" राग वाढला की त्यांची भाषा ऑफिस सोडून थेट गावाला, अहिराणीत जायची. "हाई काय शे? बठ्ठं घालवशी तू मन्हं!" म्हणजे माझं सगळं घालवशील तू. शेवटी दोन वाजता कुठेतरी वाचलं, की कंट्रोलचं बटण धरून ठेवलं तर प्रोग्राम नुसत्या सांगाड्यावर उघडतो. धरलं. उघडला! पांढरा झाला नाही. पण नवा मेल आत येईना. खाली एक ओळ आली, फाइल भरली आहे, जागा करा.

मी हुश्श केलं. सोपं होतं. जुने मेल काढायचे. मी बँकेची जाहिरात निवडली आणि काढायच्या बटणावर बोट नेलं, तर आबांनी माझं मनगट धरलं.

"कोण गेलं?"

"कुणी नाही आबा. जुना मेल काढतेय."

"म्हणजे फाडतेच ना?"

मग मला कळलं, की इतक्या वर्षांत त्यांनी एकही मेल काढलेला नव्हता. आबांच्या लहानपणी गावाकडे आलेली सगळी पत्रं तारेच्या आकड्याला ओवून ठेवत. फाडायचं फक्त एकच पत्र, कुणीतरी गेल्याचं. ते उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथेच फाडायचं, मग आंघोळ. "ज्याचं पत्र फाडलं तो माणूस गेला," आबा म्हणाले. "जित्या माणसाचं पत्र मी फाडणार नाही. तू पण फाडायचं नाही."

"आबा, यातले निम्मे बँकेचे आहेत!"

"बँकेत काय माणसं नसतात?"

"ही जाहिरात यंत्र पाठवतं. आणि हे पाहा, हा मेल तर तुमचा तो अडवणारा माणूस पाठवतो."

"तो पण कुणाचा बाप असेल."

तीन वाजले, सव्वातीन वाजले. मी एकेक मेल दाखवत होते आणि आबा नाही म्हणत होते. हा अकोल्याचा, त्याचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालं, त्याचा नाही काढायचा. चष्मेवाल्याचा नाही, त्याची बायको आजारी असते. मी म्हटलं, निदान विमावाल्यांचा? तर म्हणे, विम्याचं तर बिलकुल नाही, कुणाच्या जिवाचा विमा असेल. काचेबाहेर वडील पाठीवर पोतं घेऊन जात होते, येत होते, आणि प्रत्येक खेपेला मान वाकडी करून आत पाहत होते. पोतं खाली ठेवून आत यायची त्यांची हिंमत नव्हती. आबांना काही सांगायची तर नव्हतीच. ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी उठले. आयुष्यात कुठल्याही मोठ्या माणसावर मी आवाज चढवला नव्हता.

"ठेवा!" मी ओरडले. "सगळी ठेवा! विमा कंपनी जगू दे, चष्म्याचं दुकान जगू दे. माझी जागा गेली तर जाऊ दे. मी पण येते इथे पोती शिवायला. माझ्या बापाला बरी सोबत होईल!"

बाहेर वडील पोत्यासकट जागच्या जागी उभे राहिले होते. आता आबा फुटणार, आणि उद्यापासून वडिलांचं कामही जाणार, एवढं मला समजत होतं.

आबा फुटले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि पडद्याच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. तिथे 'पाठवलेले' असं खातं होतं.

"हाई फाड."

मी उघडलं. आबांनी आजवर लिहिलेलं प्रत्येक पत्र त्यात होतं. तुरीचे भाव, तुरीच्या नमुन्यांचे भले मोठे फोटो, बँकेचे आभार, कुणाच्या मुलीच्या लग्नाला येता न आल्याचं दुःख, कुणाला दिलेला दम. सगळ्यात जास्त जागा त्यांच्याच पत्रांनी खाल्ली होती.

"आबा, ही तुमची आहेत."

"मन्हाच शेतस. मी तं आठेच बठेल शे ना तुन्हापुढे? जित्ता शे." माझीच आहेत, आणि मी तर तुझ्यापुढे जिवंत बसलोय, असं ते म्हणत होते. मग एकदम प्रमाण मराठीत, ऑफिसच्या आवाजात म्हणाले, "दुसऱ्याचं मी कसं सांगू? माझं मी सांगू शकतो. दाब."

मी दाबलं. पुसायला बराच वेळ लागला. आकडा खाली येत होता तसे आबा मध्येच एखादं नाव वाचायचे, "हा इंदूरचा." चार वाजून बत्तीस मिनिटांनी नवे मेल आत यायला लागले. सातवा माझा होता. आबांनी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचला. घड्याळ पुढे सरकत होतं आणि मी रागाने ओठ चावत होते, पण ते 'आपली विश्वासू' पर्यंत गेल्याशिवाय थांबले नाहीत. मग मी होकाराचं बटण दाबलं. दार उघडून आबा पुढच्या खेपेचं पोतं घेऊन बाहेर थबकलेल्या वडिलांवर खेकसले, "काय उभा आहेस? खाली ठेव ते पोतं! पोर पुण्याला चालली तुझी."

आता मी पुण्याला होस्टेलवर आहे. पहिल्याच महिन्यात खोलीतल्या मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. ती कॉम्प्युटरची विद्यार्थिनी. ती हसली नाही, पण म्हणाली, "अगं, काढायचे कशाला? शेजारी दुसरी फाइल करून त्यात हलवायचे. पाच मिनिटांचं काम आहे. काहीच जात नाही." त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून मी आबांवर रागावले आहे असं म्हणते. त्यांनी मनगट धरलं नसतं, सारखं मागे उभं राहून ओरडले नसते, तर मी शांतपणे आणखी चार ओळी वाचल्या असत्या आणि मला ते सापडलं असतं. असं मी स्वतःला सांगते. पण शोधायचं काम माझं होतं, हेही मला माहीत आहे. आबांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

परवा माझ्या स्वतःच्या पत्त्यावर त्यांचा मेल आला. 'चि. सौभाग्यकांक्षिणी हीस अनेक आशीर्वाद.' तुरीचा भाव, वडिलांची तब्येत, आता त्यांना पोत्यांऐवजी वजनकाट्यावर बसवल्याची बातमी. ती आपली शिफारस होती असं कुठे लिहिलेलं नाही, पण काट्यावर माणूस आबाच ठरवतात. आणि शेवटी, नमस्काराच्या आधी, दोन ओळी. 'तुझ्याकडे माझे एखादे जुने पत्र असल्यास पाठवणे. मी कसे लिहीत होतो ते एकदा पाहावे असे वाटते.'

मी सगळं शोधलं. नव्हतं. ते नेहमी मला समोर बसवूनच बोलायचे, मला कधी काही लिहायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. हे मला आलेलं त्यांचं पहिलं पत्र. मी उत्तर लिहायला घेतलं, 'ती. आबांस सा. न.', आणि पुढे काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही. तिकडे ते चपला काढून बसले असतील, आणि इतका उशीर झाला म्हणून भयंकर रागावले असतील.