मखमली सीट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे.

इकडे परदेशात, नेपरव्हिलला आमच्या शेजारी एक मराठी काका राहायचे. त्यांच्याकडे जुनी हिरवी फ्रेंच स्टेशन वॅगन होती. सीटच्या तीन रांगा, सगळ्या मखमली, आणि खड्ड्यातून गेली तरी पोटातलं पाणी हलणार नाही अशी चाल. बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकायला लागले की गंजेल म्हणून काका तिला गॅरेजबाहेर काढत नसत. वेड लावलं होतं हो त्या गाडीनं मला! रविवार आला की मी फडकं घेऊन हजर.

एकदा पुसता पुसता काका म्हणाले, तू आपल्यातला, म्हणून चावी देतो. भलत्यासलत्याला मी हात लावू देत नाही. आपल्यातला म्हणजे कुठला, ते मला बरोब्बर कळलं. माझं आडनाव दोन्हीकडे चालणारं. मी फक्त हसलो — आणि चावी घेतली.

एवढ्यावरच थांबलो असतो तर... पण नागपूरहून बाबा आले.

बाबा रिटायर्ड मास्तर. भाजीवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना जय भीम करणारे. गाडी बघून खूश झाले, एक चक्कर मारू म्हणाले. आणि मी — निघताना, त्यांच्या बुटाची लेस बांधता बांधता — म्हणालो, "बाबा, काकांसमोर जय भीम नका म्हणू."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होतो? गाडीसाठी?

काकांनी मोठ्या हौसेनं फिरवून आणलं. बाबा मागे बसले होते, हात मांडीवर ठेवून. उतरल्यावर त्यांनी हात जोडले आणि हळूच नमस्कार म्हणाले. मला — खरं तेच सांगतो — हायसं वाटलं. लाज फार नंतर वाटली.

गेल्या वर्षी काकांना दिसेनासं झालं आणि ते मुलीकडे राहायला गेले. जाताना गाडी मलाच दिली. आपल्यातच राहिली, म्हणाले. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. गाडी आजही नव्यासारखी आहे. कुठेही उभी केली की लोक थांबून बघतात, फोटो काढतात.

बाबा आता नाहीत. पण त्या चकरेनंतर, होते तोवर, फोन ठेवताना आधी विचारायचे, "जवळ कोणी आहे का रे?"

मी नाही म्हटलं, की मगच जय भीम म्हणायचे.