पेटीवाल्या काकूंची गिटार

हिंजवडीत नोकरी लागल्यावर मी दर शनिवारी सकाळी गिटारच्या क्लासला जाऊ लागलो. तिथे माझ्याइतक्याच नवख्या, साठीच्या एक काकू यायच्या. नाव कधी विचारलं नाही. पदर खोचून त्या हेवी मेटल या कर्कश रॉक प्रकारातली एकच रिफ, म्हणजे सुरांचा तोच तो तुकडा, घोटत बसायच्या. बोटं सोलली की फुंकर घालून पुन्हा सुरू.

“काकू, मेटलच का?” मी विचारलं.

“अहो, मी पेटी वाजवते म्हणून शेजाऱ्यांनी सोसायटीत तक्रार केली. म्हटलं, आवाज म्हणजे काय ते एकदा नीट कळू दे त्यांना.”

महिन्याभराने त्या हसतच आल्या. “तक्रार मागे घेतली हो त्यांनी!”

“मग आता क्लास बंद?”

“छे! आत्ता कुठे हात बसतोय,” म्हणत त्यांनी पायाने आवाज फाडणारं पेडल दाबलं. आमचे सर खिडक्या लावायला धावले.