सिस्टरआत्याला गाव पसंत पडलं

उभी हयात इस्पितळात नर्स म्हणून काढल्यामुळे तिला घरीदारी सगळे सिस्टरच म्हणत. भाचा तर सिस्टरआत्या म्हणे. लग्न तिनं केलं नव्हतं. निवृत्तीनंतर ती भाच्याच्या फ्लॅटमध्ये, मागच्या खोलीत राहायला आली. कुणाचा जाच नव्हता, फक्त दिवस जाता जात नसे.

सुट्टीत सगळे समुद्रावर निघाले आणि वाटेत गाडीनं मान टाकली. मेकॅनिक बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "वेळ लागेल." भाचा वैतागला. आत्या मात्र पाय मोकळे करायला गावात शिरली.

गाव म्हणजे नदीकडे उतरणारा एक रस्ता. दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या, सायकलच्या दुकानात रेडिओ चालू, आणि एका पायरीवर मटार सोलत बसलेली म्हातारी.

"कुणाकडे आलात?" म्हातारीनं विचारलं.

"कुणाकडेच नाही."

"मग बसा की!"

आत्या बसली. मटार सोलू लागली. म्हातारी सुनेच्या, मांजराच्या, नदीच्या गोष्टी सांगत राहिली. आजवर आत्याशी जो तो बोलायला येई तो दुखणं घेऊन. इथे कुणाला काही नको होतं. तिचा जीव त्या पायरीवर असा जडला की भाचा शोधत आला तेव्हा ती उठेचना.

समुद्रावरही तिचं चित्त नव्हतं. घरी परतल्यावर तिनं सांगून टाकलं, "मी त्या गावात राहायला जाते."

"अगं, तिथे आहे कोण तुझं?"

"कुणी नाही. म्हणून तर!"

भाचेसून हसून म्हणाली, "जाऊ दे रे, चार दिवसांत येतील परत."

आत्या एकटीच बसनं गेली. म्हातारी पायरीवरच होती, पण तिनं आत्याला ओळखलंच नाही! आत्याचा चेहरा पडला. मग म्हातारीच म्हणाली, "उभ्या का? बसा." सायकलवाल्याची माडी रिकामी होती, ती आत्यानं भाड्यानं घेतली.

गाव काही स्वर्ग निघालं नाही. नळाला पाणी एक दिवसाआड, खाली दिवसभर ठोकाठोक, आणि दुपारी चिटपाखरू नसे. पहिल्या महिन्यात दोनदा तिनं बॅग भरली, दोनदा रिकामी केली. पुढे ती नर्स असल्याचं कळलं आणि कुणी गुडघा, कुणी रक्तदाब घेऊन येऊ लागलं. "इथेही सुखानं बसू देऊ नका मला," असं ती करवादे आणि रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळी.

हिवाळ्यात भाचा तिला न्यायला म्हणून आला. नळावर आत्या पदर खोचून शेजारणीशी कडाकडा भांडत होती. त्याला बघताच म्हणाली, "आलास? ती बादली उचल आधी."

त्यानं बादली माडीवर नेली, जेवला, दुपारी ताणून दिली आणि संध्याकाळी एकटाच परत गेला.